रजिस्टर जुळले, तरी तेरा किलो कमी: कुपवाडच्या विजया-स्टोअरचे सुरक्षा प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली मोजदाद. रजिस्टरवर शिल्लक ३०० किलो, काट्यावर ३००.२ किलो. स्टोअरकीपरने सही केली, व्यवस्थापकाने केली, फाईल कपाटात गेली. प्लास्टिकचे अस्तर नसलेल्या पोत्यांतला भांगेचा वाळका पाला भर पावसाळ्यातही एप्रिलमध्ये भरला होता तेवढाच भरला, आणि त्याचे कोणालाच नवल वाटले नाही. वाटायला हवे होते. सांगलीच्या जुलैच्या हवेत तो पाला तेरा-चौदा किलोने वाढायला हवा होता.

प्रकरणातले युनिट नमुन्यादाखल उभे केलेले आहे, कुठल्या एका कारखान्याचे नाही. मापे, हिशोब आणि चुका मात्र अशा स्टोअरमध्ये पदोपदी भेटणाऱ्याच घेतल्या आहेत. युनिट कुपवाड एमआयडीसीतले, आयुर्वेदिक औषधांचे. जातिफलादी चूर्णासारख्या कल्पांत भांग, म्हणजे विजया, लागते. त्यासाठी वाळलेली पाने परवान्यावर परराज्यातून येतात. एप्रिलमध्ये १५ किलोची २० पोती आली आणि पुढच्या हंगामासाठी न उघडता थप्पीला लागली. आधीच्या लॉटमधून रोजचे उत्पादन चालू होते.

कायद्याची रेघ कुठे आहे

सुरक्षेचा आराखडा काढणाऱ्याला ही रेघ पाठ हवी, कारण ती ओलांडली तर नुकसान चोरीपेक्षा मोठे होते. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायदा, १९८५ मध्ये गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याच्या किंवा फळधारणेच्या शेंड्यांपुरती आहे. बी आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणजे पाला मोकळा आहे असे नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग भांगेवर लक्ष ठेवून असतात. औषध बनवण्याचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. शिवाय औषध नियमांच्या परिशिष्ट ई(१) मधल्या विषारी द्रव्यांत भांग आहेच, धोतरा, बचनाग आणि कुचल्याच्या पंगतीला.

आता पोत्यात पाल्याबरोबर शेंडे आले तर? मग तेच पोते गांजाचे पोते ठरू शकते. गांजाची व्यापारी मात्रा २० किलोच्या वर. त्या मात्रेला किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि १ ते २ लाख रुपये दंड, आणि कलम ३७ मुळे जामीनही सहजी नाही. म्हणून आवक तपासणी हे गुणवत्ता विभागाचे काम आहे तितकेच सुरक्षेचे. पोते ताडपत्रीवर ओतायचे, पाला हाताने पसरायचा, काडी, बी आणि चिकट दाट शेंडे वेगळे काढायचे, फोटो काढायचा. शेंडे निघाले तर ते कचऱ्यात टाकायचे नाहीत आणि पुरवठादाराला परस्पर परतही पाठवायचे नाहीत. पोते सीलबंद करून बाजूला ठेवायचे आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवायचे. उसाच्या फडात लपवलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या या भागात नव्या नाहीत. रस्त्यावरच्या तपासणीत हिरवा वाळका पाला दिसला की पहिला संशय कशाचा येणार हे उघड आहे, आणि तो दूर करायला कागद हाताशीच लागतात.

आधी काय बसवले होते

कॅमेरे विकणाऱ्याने दिलेला आराखडा असा होता: १६ कॅमेरे, कुंपणावर विजेची तार, गेटवर वॉचमन, स्टोअरच्या दाराला दोन कुलपे. दिसायला भक्कम. पण या आराखड्यात चोर बाहेरून येणार हे गृहीत धरले होते. नियंत्रित वनस्पतीच्या धंद्यात, मग तो कॅलिफोर्नियातला गांजाचा परवानाधारक असो की कुपवाडमधला, माल बहुतेक वेळा दारातून, दिवसाढवळ्या, आत जायचा अधिकार असलेल्या हातांनीच बाहेर पडतो. तिकडच्या नियमांत कॅमेऱ्याच्या बरोबरीने साठ्याचा मेळ आणि कचऱ्याचा हिशोब सक्तीचा आहे तो याचसाठी.

१६ पैकी ११ कॅमेरे कुंपण, गेट आणि पार्किंगवर होते. स्टोअरच्या आत एकच, तोही दाराकडे तोंड करून. कोण आत गेले ते दिसे, आत जाऊन काय केले ते दिसत नसे. चित्रण १५ दिवस टिकत होते. दोन कुलपांच्या दोन किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे असायला हव्या होत्या, पण सोयीसाठी एकाच रिंगमध्ये ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. याच खोलीत धोतऱ्याचे बी आणि कुचलाही ठेवलेला असल्याने दिवसातून चार-पाच वेळा दार उघडावे लागे. दोन कुलपांची शिस्त तिथेच मोडली. जे दार रोज पाच वेळा उघडते, त्याला कोणीही दोन माणसे पाच वेळा गोळा करत नाही.

ओलाव्याचा हिशोब

वाळलेला पाला हवेतली ओल शोषतो आणि सोडतो. एप्रिलमध्ये आवकेच्या वेळी ओलावा ९ टक्के नोंदवला होता. ३०० किलोत ९ टक्के पाणी म्हणजे २७ किलो, उरलेला कोरडा माल २७३ किलो. हा २७३ चा आकडा खरा साठा. पाणी येते-जाते, कोरडा माल कोणी नेल्याशिवाय कमी होत नाही.

जुलैत त्याच पाल्याचा ओलावा १३ टक्के भरला. कोरडा माल शाबूत असता तर वजन २७३ भागिले ०.८७, म्हणजे ३१३.८ किलो यायला हवे होते. आले ३००.२. त्यातला कोरडा माल ३००.२ गुणिले ०.८७, म्हणजे २६१.२ किलो. तूट ११.८ किलो कोरडी, आवकेच्या ओलाव्याने मोजली तर बरोबर १३ किलो. रजिस्टर आणि काटा जुळले ते पावसाने घातलेल्या पाण्यामुळे. चोरी त्या पाण्याखाली झाकली गेली.

उन्हाळ्यात हेच उलटे होते. १२ टक्के ओलाव्याचा ३०० किलो पाला ९ टक्क्यांवर सुकला की २९०.१ किलो भरतो. जवळपास १० किलोची घट नैसर्गिक, आणि ‘सुकून गेली’ म्हणून ती सगळे मान्य करतात. त्या दहाच्या जागी चौदा किलो घट आली तर वरच्या चारकडे कोण पाहणार? हळदीच्या आणि बेदाण्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला घट-तूट नवी नाही, आणि अडचण तीच आहे. घट ही इथे इतकी ओळखीची आहे की तिच्या आडून काय जाते ते कोणी विचारत नाही.

ओलावा मोजायला महागडे यंत्र लागत नाही. प्रयोगशाळेतला साधा ओव्हन, १०५ अंश सेल्सिअस, ५ ते १० ग्रॅम नमुना, दोन लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत. या तापमानाला पाल्यातले सुगंधी तेलही थोडे उडते, त्यामुळे आकडा किंचित जास्त येतो. चालेल. आवकेला आणि मोजदादीला पद्धत एकच असली की ती चूक दोन्हीकडे सारखीच बसते. नमुना प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायचा. थप्पीतले बाहेरच्या बाजूचे पोते आणि मधले पोते यांत पावसाळ्यात दोन टक्क्यांचाही फरक पडू शकतो. म्हणून एका पोत्याचा ओलावा वीसांना लावायचा नाही.

किती फरकाला तूट म्हणायचे हेही आधी ठरलेले असावे लागते. ओलावा मोजण्यात अर्ध्या टक्क्याची चूक धरली तर ३०० किलोवर दीड किलो इकडेतिकडे होतात. त्यामुळे इथे मर्यादा अशी ठेवली: दोन किलोपर्यंतचा फरक आला तर त्याच दिवशी दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचे, त्याहून जास्त आला तर स्टोअर बंद, लेखी अहवाल. ११.८ किलो ही मापाची चूक असूच शकत नाही. काटाही वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का असलेलाच हवा. नाहीतर पुढे पहिला आक्षेप त्यावरच येतो.

पोत्याचे तोंड

एकेक पोते वजनाला घेतल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. वीसच्या वीस पोती १५ किलोच्या आसपास होती. शाबूत पोते १५.६९ किलो भरायला हवे होते. म्हणजे एखादे पोते रिकामे केलेले नव्हते, प्रत्येकातून सरासरी ६८० ग्रॅम काढलेले होते. नेणाऱ्याला काटा कसा वाचला जातो ते ठाऊक होते.

पोत्याचे तोंड जवळून पाहिले की बाकीचे समजते. पुरवठादाराकडची शिलाई मशीनची: पांढरा सुती दोरा, एकसारखे टाके, शेवटी दोन इंच दोरा मोकळा सोडलेला. हा मोकळा दोरा योग्य बाजूने ओढला की सगळी शिलाई साखळीसारखी उसवते. अर्ध्यावर थांबले तर एका कोपऱ्यात मूठभर हात जाईल एवढे तोंड उघडते. इथे चौदा पोत्यांच्या एका कोपऱ्यात दोरा जाडा आणि पिवळसर होता, टाके हाताचे आणि तिरपे. जुनी भोके तशीच शेजारी उघडी राहिलेली. सहा पोत्यांत तर जुन्याच भोकांतून सुई घालून शिवलेले होते, ते बोटाने चाचपल्याशिवाय कळत नव्हते. पोत्यांना सील नव्हते. लेबल होते, पण ते पोत्याच्या पोटावर चिकटवलेले; तोंडाशी त्याचा काही संबंध नव्हता.

माल बाहेर गेला कसा? गेटवर डबे आणि पिशव्या तपासल्या जात होत्या. झाडलोटीची गोणी मात्र कोणी तपासत नव्हते. चाळणीवर उरलेल्या काड्या, बी, जमिनीवरचा चुरा हे सगळे एका गोणीत भरून रोज संध्याकाळी मागच्या दाराने कचराकुंडीकडे जायचे, वजन न करता. दहा-अकरा आठवड्यांत १३ किलो म्हणजे आठवड्याला सव्वा किलो. काड्यांच्या गोणीत एवढा पाला सहज मावतो. हाच रस्ता वापरला हे चित्रणाने सिद्ध करता आले नाही, कारण चित्रण पुसले गेले होते. पण वजनाशिवाय रोज बाहेर जाणारी ती एकच गोष्ट होती, म्हणून पहिली दुरुस्ती तिथेच झाली.

तूट कळली त्या दिवशी काय करायचे

रजिस्टरमधला आकडा खोडून नवा लिहायचा नाही. जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी नोंद: तारीख, वेळ, पोतेवार वजन, ओलावा, दोघांच्या सह्या. स्टोअर सील. रेकॉर्डर लगेच वेगळा काढायचा, म्हणजे आहे तेवढे चित्रण वर लिहिले जाऊन पुसले जात नाही. उत्पादन शुल्क अधिकाऱ्याला त्याच दिवशी पत्र, पोचेसह, आणि वकिलाशी बोलून पोलिसांत तक्रार. कामगारांना कोंडून चौकशी करणे, घरी जाऊन झडती घेणे, ‘आपापसात मिटवून’ पगारातून कापणे यांतले काहीही करायचे नाही. परवानाधारकाने तूट लपवली असे दिसले की संशयाची दिशा चोराकडून मालकाकडे वळते. इथे बारा तासांचा उशीरही महाग पडतो.

चित्रण पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या हॅश आकड्यासह. रेकॉर्डरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर रजिस्टरमधली वेळ आणि चित्रणातली वेळ जुळत नाही, आणि समोरचा वकील नेमके तेच पकडतो. दर सोमवारी घड्याळ मिळवून त्याची नोंद ठेवायला दोन मिनिटे पुरतात.

नवा आराखडा: आधी माल, मग भिंत

क्रम मुद्दाम उलटा केला. पहिले काम पोत्याचे. पाला १० टक्क्यांच्या आत सुकवून जाड प्लास्टिकच्या आतल्या पिशवीत भरायचा, पिशवीचे तोंड पिळून दुमडून बांधायचे, त्यावर क्रमांकाचे एकदाच लागणारे सील. बाहेरचे पोते त्याच्यावर. आतली पिशवी असली की पावसाळ्यात वजन हलत नाही आणि वरचा सगळा हिशोब सोपा होतो. एक धोका आहे: १२-१३ टक्के ओलाव्याचा पाला असा बंद केला तर आत बुरशी धरते. म्हणून सील लावण्याआधी ओव्हनचा आकडा हवा, अंदाज नाही. सीलचे क्रमांक स्टोअरकीपरकडे नाहीत, लेखा विभागात. कोरी सीले कोणाच्या ताब्यात आहेत हे न पाहता सील लावले तर उघडून नवे लावणे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे काम विजयाला वेगळी खोली. धोतरा, कुचला जुन्या जागी राहिले. विजयाची खोली दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, दोघांच्या हजेरीत उघडू लागली. एक किल्ली उत्पादन प्रमुखाकडे, दुसरी लेखा विभागाकडे. वॉचमनकडे कोणतीच नाही. यात त्याच्यावर अविश्वास नाही. रात्री कोणी सुरा दाखवून किल्ली मागितली तर त्याच्याकडे ती नसणे त्याच्याच जिवासाठी बरे, आणि हे त्याला असेच समजावून सांगायला हवे.

तिसरे काम झाडलोट. प्रत्येक बॅचचा काडी-कचरा त्याच काट्यावर, त्याच रजिस्टरमध्ये. मग तो शेण किंवा चुन्याच्या पाण्यात किमान तेवढ्याच वजनाने कालवायचा, म्हणजे निवडून काढण्यासारखा राहत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या नियमांतही कचरा असाच निम्मा-निम्मा मिसळून निकामी करावा लागतो. कालवणे कॅमेऱ्यासमोर, दोघांच्या सहीने. आत काम करणाऱ्यांना बिनखिशाचे अॅप्रन. एवढे झाल्यावर भिंतीकडे वळायचे.

खोली ४ मीटर बाय ३ मीटर, शेडच्या आत, बाहेरच्या भिंतीला न टेकणारी. शेडचे छप्पर पत्र्याचे. पत्रा ज्या जे-बोल्टने कैचीला धरलेला असतो त्याचा नट वरच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला असतो. पान्याने पाच-सहा नट सोडले की माणूस आत उतरतो, दाराला लावलेले कुलूप कितीही भारी असो. म्हणून खोलीला स्वतःचा काँक्रीटचा स्लॅब, फॉल्स सीलिंग अजिबात नाही. भिंत नऊ इंची विटांची, आतून वेल्डमेश ठोकून गिलावा. साडेचार इंची भिंत घणाने काही मिनिटांत फुटते. खिडकी नाही. हवेच्या झडपेला १२ मिलिमीटरच्या सळया, १०० मिलिमीटर अंतराने, चौकटीत वेल्ड केलेल्या. दार दोन्ही बाजूंनी पोलादी पत्र्याचे, बिजागरी आतल्या बाजूला. कडी-कोयंड्याचे बोल्ट दारातून आरपार, नट आत आणि त्यावर वेल्डिंगचा टाका. नुसत्या स्क्रूवर बसवलेला कोयंडा पहारीने अखंड निघून येतो आणि कुलूप त्याला तसेच लटकत राहते.

भिंत किती जाड हवी याचे उत्तर मदत किती वेळात येते यात आहे. गेटवरून वॉचमन तीन मिनिटांत पोचेल, पण त्याने एकट्याने भिडायचे नाही, ११२ ला फोन करून दिवे लावायचे. ठाणे जवळ असले तरी रात्रीची गाडी गस्तीवर दूर असू शकते. वीस मिनिटे धरून चालायचे. म्हणजे पहिला इशारा वाजल्यापासून खोलीने वीस मिनिटे तग धरली पाहिजे. ‘पहिला इशारा वाजल्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे. सेन्सर फक्त खोलीच्या आत बसवला तर तो भिंत फुटल्यावर वाजतो, आणि भिंतीने दिलेली वीस मिनिटे फुकट जातात. म्हणून कंप ओळखणारे सेन्सर भिंतीत आणि स्लॅबवर, पहिला घाव बसताच वाजणारे. आतला हालचाल-सेन्सर दुसरी फळी. आतला सेन्सर पालीमुळे आणि बाहेरचा शटर वाऱ्याने खडखडल्यामुळे वाजतो. असे आठवड्यात तीनदा झाले की वॉचमन भोंगा बंद करून ठेवतो. चुकीचा प्रत्येक इशारा लिहून त्याचे कारण काढणे म्हणूनच भोंगा बसवण्याइतकेच जरुरीचे.

कॅमेरे आठ पुरले

चेहरा ओळखता यावा म्हणून दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे जेमतेम दहा मीटर रुंदीपर्यंतच तो चेहरा ओळखण्याच्या कामाचा. पार्किंगच्या कोपऱ्यावरून तीस मीटर रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा ‘कोणीतरी गेले’ एवढेच सांगतो. म्हणून चार कॅमेरे जवळून: खोलीच्या दाराबाहेर चेहऱ्याच्या उंचीवर, थप्पीवर वरून, काट्यावर असा की आकड्यांचा डिस्प्ले आणि हात दोन्ही दिसतील, आणि कचरा कालवण्याच्या जागेवर. बाकीचे चार गेट, मागचे दार, छप्पर आणि माल उतरवण्याच्या जागेवर.

कॅलिफोर्नियात चित्रण ९० दिवस ठेवणे सक्तीचे आहे. मोजदाद महिन्याला असेल तर तेवढे इथेही हवेच, कारण तूट कळेपर्यंत चोरी दोन मोजदादींइतकी जुनी झालेली असते. सेकंदाला २ मेगाबिटने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी घेतो. जवळचे चार ९० दिवस म्हणजे ७.८ टीबी, बाकीचे चार ३० दिवस म्हणजे २.६ टीबी. ८ टीबीच्या दोन डिस्कमध्ये हे आरामात बसते. आठही ९० दिवस ठेवायचे म्हटले तर १५.६ टीबी होतात आणि डिस्क काठोकाठ भरते. मग कोणीतरी चित्राचा दर्जा उतरवतो आणि चेहरा पुन्हा ठिपका होतो. रेकॉर्डर ऑफिसच्या टेबलाखाली ठेवायचा नाही. चोर जाताना तोच उचलून नेतो. कुलपाच्या लोखंडी कपाटात, कपाट भिंतीला बोल्टने.

चूर्णाच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावर आठवड्यात हिरवट धूळ बसते. पावसाळ्यात रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे येतात, त्यांच्या मागे कोळी, आणि भिंगासमोर जाळे धरले की रात्रभर पांढरा पडदा दिसतो. पुसायचा दिवस ठरवून त्याची जबाबदारी नावासह लावावी लागते.

वीज आणि महापूर

रेकॉर्डर, आठ कॅमेरे, राउटर आणि भोंग्याचे पॅनल मिळून भार साधारण १२० वॅट. आठ तासांना ९६० वॅट-तास. १५० अँपिअर-अवरची एक १२ व्होल्ट बॅटरी कागदावर १८०० देते, पण निम्म्यापर्यंतच उतरवायची आणि इन्व्हर्टरची घट धरायची म्हटली की हातात ७६५ येतात. अपुरी. दोन बॅटऱ्या मालिकेत जोडल्या की १५३० वॅट-तास, म्हणजे पावणेतेरा तास. वर्षातून दोनदा मेन स्विच बंद करून खरोखर किती तास चालते ते पाहायचे. बॅटरी जुनी झाली हे त्याच दिवशी कळते.

पावणेतेरा तासांपलीकडचा प्रश्न सांगलीला विसरता येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. कुपवाड उंचावर आहे, स्टोअरमध्ये पाणी शिरण्याची भीती नाही. पण गावभागात, शामरावनगरात राहणारा किल्लीधारक आपल्या घरात अडकतो, वीज आणि मोबाईल जातात, पोलीस बचावकार्यात असतात. म्हणून पातळी ४० फुटांवर गेली की खोली शेवटची उघडून मोजायची, दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या लिफाफ्यांत सीलबंद करून उंच भागात राहणाऱ्या दोन ठरलेल्या माणसांकडे द्यायच्या, उत्पादन थांबवायचे. कॅमेऱ्यांपुरता छोटा जनरेटर आणि तीन दिवसांचे डिझेल. पूर ओसरेपर्यंत खोली उघडायची नाही, औषध कितीही अडलेले असो.

मालाची गाडी पुणे-बंगळूर महामार्गाने येऊन पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळते. परवान्याच्या आणि वाहतूक पासच्या प्रती चालकाकडे दोन संच, सीलचे फोटो भरताना आणि उतरवताना. गाडी अंधार पडल्यावर आली तर अर्धा माल उतरवून ठेवायचा नाही. सील न तोडता गाडी आवारात कॅमेऱ्याखाली उभी, सकाळी दोघांसमोर सील तोडून धर्मकाट्याची पावती आणि आतला काटा एकत्र लिहायचे.

जो हिशोब अजून लागायचा आहे

पाला औषधात जाण्याआधी त्याचे शोधन होते. पाण्यात धुऊन, वाळवून, मंद आचेवर गायीच्या तुपात परततात. धुण्यात पाण्यात विरघळणारा भाग निघून जातो, परतताना तूप चढते. या टप्प्यानंतर ओव्हनचा आकडा कोरड्या पाल्याचा राहत नाही, आणि वर मांडलेले गणित इथे थांबते. म्हणून पहिल्या तीन बॅच उत्पादन प्रमुख आणि लेखा विभाग दोघांनी उभे राहून करायच्या: धुण्याआधीचा कोरडा माल, धुऊन वाळवल्यावरचा कोरडा माल, घातलेले तूप, परतल्यावरचे वजन, कढईला आणि झाऱ्याला चिकटलेले खरवडून मोजलेले. त्या तिन्ही बॅचची सरासरी आणि त्यांतला फरक हीच पुढच्या बॅचची मर्यादा. पानाचा पुरवठादार बदलला की तिन्ही बॅच पुन्हा.